पारख जुन्या आउटबोर्ड मोटरची

विस्कॉन्सिन, मिनेसोटा, मिशिगन ही अमेरिकेतील सरोवरांची राज्ये. तेथे बर्फ वितळून उन्हाळा सुरू झाला, की घराघरांच्या अंगणांत जुन्या सामानाची विक्री मांडली जाते. खुर्च्या, दिवे, मासे पकडण्याचे गळ आणि मुलांच्या सायकली यांच्या पसाऱ्यात लाकडी घोडीवर टांगलेली, हिरव्या किंवा निळ्या रंगाची एखादी जुनी आउटबोर्ड मोटर हमखास दिसते. तिच्याविषयी विचारणा केली असता विक्रेत्याचे उत्तरही ठरलेले असते : ‘मागच्या उन्हाळ्यापर्यंत उत्तम चालत होती.’ हे उत्तर बहुतेक वेळा प्रामाणिकही असते. अडचण एवढीच, की तो मागचा उन्हाळा नेमका कोणत्या सालचा, हे सांगणाऱ्यालाही आठवत नसते. आणि घेणाऱ्याला ते उमगते ते सरोवराच्या मधोमध, मोटर बंद पडल्यावर.

साठ-सत्तर वर्षांपूर्वीचे यंत्र आजही रोजच्या कामासाठी पाण्यावर नेता येते, ही गोष्ट मोटारगाडीच्या बाबतीत नवलाची ठरली असती. आउटबोर्डच्या बाबतीत ती नित्याची आहे. ही यंत्रे साध्या हत्यारांनी उघडता यावीत अशाच बेताने घडवली गेली आणि लाखोंच्या संख्येने विकली गेली. त्यामुळे त्यांचे सुटे भाग अजून मिळतात. मात्र अशा मोटरचा रंग, तिच्यावरील बोधचिन्ह आणि तिची चकाकी यांवरून तिच्याविषयी फारच थोडे कळते. जे कळायला हवे, त्यातील बरेचसे मोटर सुरू न करताही, अर्ध्या-पाऊण तासात कळू शकते. त्यासाठी कोठे पाहायचे हे ठाऊक असावे लागते.

आउटबोर्ड म्हणजे होडीच्या मागच्या फळीला बाहेरून अडकवलेली मोटर. कोकणच्या आणि गोव्याच्या किनाऱ्यावर मच्छीमारांच्या छोट्या होड्यांना लावलेल्या अशा मोटरी वाचकांनी पाहिल्या असतीलच. वर इंजिन, मधे लांब पोकळ पाय आणि पाण्याखाली गिअरची पेटी व पंखा, असे तिचे तीन भाग. वरच्या इंजिनाचा उभा दांडा पायातून खाली येतो, गिअरपेटीत काटकोनात वळतो आणि पंखा फिरवतो. इंजिन थंड राहावे म्हणून त्याच पायातून एक लहानसा पंप सरोवराचे किंवा समुद्राचे पाणी वर ढकलतो. ही सारी रचना दोन मळसूत्री पकडींनी होडीला आवळलेली असते. मोटर उचलून घरी नेता येते हा तिचा मोठा गुण. आणि ती पाण्यात पडू शकते, चोरीला जाऊ शकते किंवा गोदामाच्या कोपऱ्यात वीस वर्षे विसरली जाऊ शकते, हे त्याच गुणाचे दुसरे अंग.

वल्ह्यांपासून सुटका

‘आउटबोर्ड मोटर’ हे नाव रूढ करण्याचे श्रेय डेट्रॉइटच्या कॅमेरॉन वॉटरमन यांना दिले जाते. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकातच त्यांच्या मोटरी बाजारात आल्या होत्या. परंतु या यंत्राला घरोघरी नेले ते मिलवॉकीच्या ओले एव्हिनरूड यांनी. नॉर्वेत १८७७ मध्ये जन्मलेला आणि लहानपणीच विस्कॉन्सिनला आलेला हा यंत्रकुशल तरुण. एका सहलीत बेस नावाच्या तरुणीला आइस्क्रीम हवे झाले, ते आणण्यासाठी ओलेने भर उन्हात सरोवर वल्हवून पार केले आणि परत येईपर्यंत आइस्क्रीम वितळून गेले. त्यातून मोटरची कल्पना सुचली, अशी कथा सांगितली जाते. ती किती खरी आणि जाहिरातीसाठी किती घोटून गुळगुळीत केलेली, हा प्रश्न वेगळा. पुढे याच बेसशी त्यांचा विवाह झाला आणि धंद्याची सारी व्यवहारी बाजू तिनेच सांभाळली. मोटरचा पहिला नमुना तिला कॉफी दळण्याच्या यंत्रासारखा दिसला होता म्हणतात. १९०९ मध्ये विक्रीस आलेली एव्हिनरूडची मोटर दीड अश्वशक्तीची होती. तिचे वजन ६२ पौंड, म्हणजे सुमारे २८ किलो, आणि किंमत ६२ डॉलर. वल्ही फेकून द्या, असे सांगणारी जाहिरात बेसचीच.

पहिल्या महायुद्धाच्या सुमारास एव्हिनरूड दांपत्याने कंपनीतील आपला वाटा भागीदाराला विकला. काही वर्षांनी ओले यांनी अ‍ॅल्युमिनियमचा भरपूर वापर केलेली, दोन सिलिंडरांची हलकी मोटर तयार करून ‘एल्टो’ या नावाने नवा उद्योग उभारला. त्याच सुमारास इंडियाना राज्यातील जॉन्सन बंधूंनी अवघ्या ३५ पौंडांची, दोन अश्वशक्तीची मोटर बाजारात आणली आणि स्पर्धा पेटली. १९२९ च्या विलीनीकरणातून एव्हिनरूड व एल्टो ही नावे पुन्हा एका छपराखाली आली. १९३६ पर्यंत जॉन्सनही त्याच समूहात आले. हाच समूह पुढे ‘आउटबोर्ड मरीन कॉर्पोरेशन’ किंवा संक्षेपाने ‘ओएमसी’ म्हणून ओळखला गेला. तिसरे मोठे नाव मर्क्युरीचे. कार्ल कीकहेफर यांनी १९३९ मध्ये विस्कॉन्सिनमधील सीडरबर्ग येथे एक बुडीत कारखाना घेतला. तेथे एका मोठ्या विक्रीगृहाने नापसंत करून परत केलेल्या काही शे सदोष मोटरी पडून होत्या. त्या दुरुस्त करून त्यांनी त्याच ग्राहकाला विकल्या आणि त्यातून मर्क्युरीचा जन्म झाला.

हा इतिहास ग्राहकाने जाणून घ्यावा, याचे कारण निव्वळ कुतूहल नव्हे. १९५० च्या दशकातील जॉन्सन आणि एव्हिनरूड या दोन मोटरींची झाकणे व रंग वेगवेगळे असले, तरी आतील पुष्कळ भाग एकच आहेत. त्यामुळे एकीच्या मोडीतून दुसरी जिवंत करता येते. याउलट सीअर्सच्या दुकानांतून ‘एल्गिन’ किंवा मॉन्टगोमरी वॉर्डमधून ‘सी किंग’ या नावाने विकल्या गेलेल्या मोटरी बनवणारे कारखाने निराळेच होते आणि काळाबरोबर बदलतही गेले. अशी मोटर वाईट असतेच असे नाही. पण तिच्या पंपाचे रबर हवे असेल, तर आधी तिचे खरे माहेर शोधावे लागते. ओएमसीने डिसेंबर २००० मध्ये दिवाळखोरी जाहीर केली. नंतर ही नावे कॅनडातील कंपनीकडे गेली आणि २०२० मध्ये एव्हिनरूडचे उत्पादन कायमचे थांबले. तरीही जुन्या ओएमसी मोटरींच्या कॉइल, पॉइंट, पंपाचे पंखे आणि कार्ब्युरेटरचे संच इतर कंपन्या बनवतात. पहिल्यांदाच जुनी मोटर घेणाऱ्याने १९५० किंवा १९६० च्या दशकातील, तीन ते दहा अश्वशक्तीची जॉन्सन अथवा एव्हिनरूड निवडावी, असे जाणकार सांगतात ते यामुळेच. महायुद्धापूर्वीच्या देखण्या मोटरी संग्राहकांसाठी. त्यांच्यासाठी अमेरिकेत १९६० च्या दशकापासून स्वतंत्र मंडळही आहे आणि त्याचे सभासद ठिकठिकाणी मेळावे भरवून मोटरींची व भागांची देवाणघेवाण करतात.

साल कोणते?

विक्रेत्याने सांगितलेले साल हा अंदाज समजावा. मोटर होडीला अडकवण्याच्या पकडीवर एक छोटी धातूची पट्टी असते. तिच्यावरचा मॉडेल क्रमांक हाच पुरावा. जॉन्सनची पद्धत सोयीची होती. अक्षरे मोटरचा प्रकार सांगतात आणि पुढचा आकडा वर्षागणिक वाढत जातो. दहा अश्वशक्तीची प्रसिद्ध ‘क्यूडी’ मालिका १९४९ मध्ये ‘क्यूडी-१०’ ने सुरू झाली. या मालिकेचे महत्त्व असे, की पुढे, मधे आणि मागे असे तिन्ही गिअर व होडीत वेगळी ठेवायची सहा गॅलनची टाकी या सोयी सामान्य ग्राहकाला तिच्यात एकत्र मिळाल्या. त्याआधीच्या बहुतेक छोट्या मोटरींना गिअर नव्हताच. इंजिन सुरू होताच होडी चालू लागत असे.

१९८० पासूनच्या ओएमसी मोटरींवर साल लपवलेले आहे ते इंग्रजीतील ‘इंट्रोड्यूसेस’ या दहा अक्षरी शब्दात. पहिले अक्षर ‘आय’ म्हणजे एक, ‘एन’ म्हणजे दोन, याप्रमाणे शेवटचे ‘एस’ म्हणजे शून्य. क्रमांकात ‘सी’ आणि ‘आर’ ही अक्षरे असतील, तर ती मोटर १९८४ ची. जुन्या रंगात रंगवून ‘आजोबांच्या काळातील’ म्हणून पुढे केलेली मोटर या एका शब्दाने उघडी पडते.

पट्टी मुळातच नसेल, किंवा तिच्यावरचा क्रमांक घासलेला असेल, तर सावध व्हावे. पट्ट्या गळून पडतात हे खरे. परंतु चोरीच्या मालावरूनही त्या अशाच गळतात. टेक्सससारख्या काही राज्यांत होडीप्रमाणे आउटबोर्ड मोटरचीही मालकीची कागदपत्रे असतात. तेथे क्रमांकाविना घेतलेली मोटर स्वतःच्या नावावर करता येत नाही.

दोरी ओढण्यापूर्वी

मोटर पाहताना सर्वांत आधी रंगाकडे नव्हे, स्क्रूंच्या डोक्यांकडे पाहावे. खाचा शाबूत असतील, तर यंत्र फारसे कोणी उघडलेले नाही किंवा समजून उघडलेले आहे. खाचा खरवडलेल्या, बोल्टच्या कडा गोल झालेल्या आणि मधूनच एखादा चकचकीत नवा बोल्ट, असे दृश्य असेल, तर आत कोणाची तरी हौस भागलेली आहे. नवा रंग आणि छापील बोधचिन्हे आज सहज मिळतात. रंगवलेल्या मोटरपेक्षा मळकट, पण अस्पर्श मोटर अनेकदा अधिक भरवशाची ठरते.

त्यानंतर मोटर कोणत्या पाण्यात राबली हे ताडावे. गोड्या पाण्यातील मोटर साठ वर्षांनंतरही उघडते. खाऱ्या पाण्यातील मोटरवर बोल्टभोवती पांढरी भुकटी साचलेली दिसते. अ‍ॅल्युमिनियमच्या अंगात पोलादी बोल्ट आणि दोहोंमध्ये मीठ, असा हा संयोग आहे. त्यातून दोन्ही धातू एकमेकांना असे धरून बसतात, की बोल्ट फिरण्याऐवजी तुटतो. एक तुटलेला बोल्ट काढण्यात दिवस जातो आणि पंपापर्यंत पोहोचण्यासाठी असे पाच-सहा बोल्ट उघडावे लागतात. समुद्रकाठच्या गावात स्वस्त मिळणाऱ्या मोटरचे स्वस्त असणे बहुतेक वेळा येथेच दडलेले असते.

मग झाकण काढून फ्लायव्हील, म्हणजे वरचे जड चाक, हाताने घड्याळाच्या दिशेने सावकाश फिरवावे. ते फिरताना दाबाची उसळी हाताला जाणवली पाहिजे. दोन सिलिंडर असतील, तर दोन उसळ्या सारख्या जाणवल्या पाहिजेत. चाक मुळीच फिरत नसेल, तर दोरी ओढून जोर करू नये. पिस्टन गंजाने धरला असेल, तर सिलिंडरमध्ये तेल सोडून काही दिवस वाट पाहिल्यावर तो कधी कधी सुटतो. पण तो धोका किमतीत धरलेला असावा. शक्य असल्यास प्लगच्या जागी दाबमापक लावून दाब मोजावा. या जुन्या इंजिनांचा दाब मुळातच आजच्यापेक्षा कमी असे. त्यामुळे आकडा किती यापेक्षा दोन सिलिंडरांच्या आकड्यांत फरक किती, हे महत्त्वाचे. तो दहा टक्क्यांच्या आत असेल, तर चिंता नाही. एकाचा आकडा दुसऱ्याच्या निम्मा असेल, तर आत रिंग अडकलेली आहे किंवा सिलिंडरला ओरखडे पडलेले आहेत. या वयाच्या मोटरवर तो खर्च करणे सहसा परवडत नाही.

खालच्या गिअरपेटीची परीक्षा सर्वांत सोपी आणि सर्वांत जास्त टाळली जाणारी आहे. मोटर काही तास उभी राहू द्यावी आणि पेटीच्या तळाचा स्क्रू किंचित सैल करावा. पाणी तेलापेक्षा जड असल्याने आत पाणी असेल, तर आधी तेच बाहेर येते. तेल दुधाळ, चहाच्या रंगाचे निघाले, तर पाणी त्यात घुसळले गेले आहे. सील बदलून हा दोष दूर होतो. पण थंड प्रदेशात आणखी एक गोष्ट पाहावी लागते. पेटीत साचलेले पाणी हिवाळ्यात गोठते, फुगते आणि धातूला तडा जातो. पेटीच्या दोन्ही अंगांवर बोट फिरवून असा तडा, किंवा तो लपवणारे लांबीचे लिंपण, शोधावे.

तेथेच पंख्याची पिन पाहून घ्यावी. पुष्कळशा जुन्या छोट्या मोटरींत पंखा आणि दांडा यांना जोडणारी एक मऊ धातूची पिन असते. पंखा दगडावर किंवा ओंडक्यावर आदळला, की ती तुटते आणि गिअर वाचतात. तुटण्यासाठीच केलेली ही पिन वारंवार तुटते, म्हणून वैतागून तिच्या जागी पोलादी खिळा ठोकणारे महाभाग सगळीकडे असतात. असा खिळा दिसला, तर गिअरच्या दात्यांनी किती धक्के सोसले असतील याचा विचार करावा.

ठिणगीची परीक्षा शेवटी. प्लग बाहेर काढून, परीक्षणाच्या साधनात पाव इंचाची फट ठेवून दोरी ओढावी. निळी, टणक ठिणगी ती फट ओलांडून गेली पाहिजे. या मोटरींना बॅटरी लागत नाही. फ्लायव्हीलमधील चुंबक आणि त्याखालील कॉइल मिळून वीज निर्माण होते. १९५० च्या दशकातील ओएमसी मोटरींच्या कॉइलचे आवरण काळाने तडकते, हा त्यांचा सर्वांत ठाऊक दोष. त्यामुळे ठिणगी नसणे ही खरे तर वाईट बातमी नाही. कॉइल आणि कंडेन्सर नवे मिळतात, पॉइंट घासून ०.०२० इंचाच्या फटीवर बसवता येतात आणि हे काम घरी एका संध्याकाळचे आहे. फ्लायव्हील काढताना मात्र हातोडीने ठोकू नये. तीन बोल्टांचे ओढणारे हत्यार वापरावे. जो दोष नवशिक्याला घाबरवतो तो स्वस्तात निघतो आणि ज्या दोषाकडे तो पाहतही नाही, तो मोटर भंगारात घालतो. विक्रेत्याशी भाव ठरवताना ही उलटी गोष्ट उपयोगी पडते.

पेट्रोल, तेल आणि दाबाची टाकी

या मोटरी टू-स्ट्रोक आहेत. वंगणाचे तेल पेट्रोलमध्येच मिसळावे लागते. किती मिसळायचे, यावर मोटरचे आयुष्य अवलंबून असते. १९५० च्या दशकातील ओएमसी मोटरींसाठी प्रमाण २४ ला १, म्हणजे लिटरमागे सुमारे ४२ मिलिलिटर. १९६४ पासून कंपनीने बहुतेक मोटरींसाठी ते ५० ला १, म्हणजे लिटरमागे २० मिलिलिटर केले. हे केवळ तेल सुधारल्यामुळे झाले नाही. आधीच्या अनेक मोटरींत दांडा साध्या काशाच्या बुशमध्ये फिरतो आणि त्याला अधिक तेल लागतेच. त्यामुळे ‘आजचे तेल चांगले आहे, कमी चालेल’ हा सल्ला जुन्या मोटरच्या मालकाने मानू नये. तेलही पाण्याने थंड होणाऱ्या आउटबोर्डसाठीचे, ‘टीसी-डब्ल्यू३’ अशी खूण असलेले घ्यावे; मोटरसायकलचे तेल वेगळ्या तापमानासाठी केलेले असते.

दुसरी अडचण पेट्रोलमधील इथेनॉलची. अमेरिकेत बहुतेक पेट्रोलमध्ये ते १० टक्के असते. भारतात हे प्रमाण २०२५ मध्ये २० टक्क्यांवर गेले. जुन्या मोटरींच्या कार्ब्युरेटरमधील तरंगी, म्हणजे पेट्रोलची पातळी राखणारा तुकडा, पुष्कळदा बुचाच्या लाकडाची असे आणि तिच्यावर लाखेचा लेप असे. इथेनॉल तो लेप विरघळवते. बूच पेट्रोल पिते, तरंगायचे थांबते आणि कार्ब्युरेटर ओसंडू लागतो. जुन्या रबरी नळ्यांचीही तीच गत. लेप इपॉक्सीने नव्याने देता येतो आणि नळ्या बदलता येतात. काही ठिकाणी इथेनॉलविरहित पेट्रोल मिळते, तेथे तेच वापरणे उत्तम.

टाकीचा मुद्दा मात्र केवळ देखभालीचा नाही. १९४९ पासून पुढची दहा-एक वर्षे या मोटरींना पेट्रोलचा पंप नव्हता. इंजिनातील हवेचा दाब एका नळीने टाकीत जाई आणि त्या दाबाने पेट्रोल दुसऱ्या नळीतून वर येई. टाकीला जोडनळी असेल, तर ती या प्रकारची समजावी. आज या टाकीचे रबर वाळलेले असण्याचीच शक्यता अधिक. मग सांध्यातून दाबाखालचे पेट्रोल होडीच्या तळाशी फवारले जाते, आणि तेथून चालते इंजिन दूर नसते. नवे रबर बसवून आणि दाब तपासून घेतल्याशिवाय अशी टाकी होडीत ठेवू नये. मोटरला छोटा पंप जोडून साधी, एका नळीची टाकी वापरण्याचा बदलही पुष्कळ जण करतात. संग्राहक त्यावर नाक मुरडतात. मुलाबाळांना घेऊन पाण्यावर जाणाऱ्याने त्यांचे ऐकू नये.

सुरक्षेच्या आणखी दोन गोष्टी या मोटरींत नाहीत. चालवणारा पाण्यात पडला, तर इंजिन आपोआप बंद करणारी दोरी ही पुढच्या काळातील सोय. काही जुन्या मोटरींना बंद करण्याचे बटणही नसते. वेग कमी करत नेऊन ठिणगी मंद केली, की त्या थांबतात. पॉइंटपासून तारा काढून असे बटण व दोरी बसवता येते. दोन सिलिंडरांच्या मोटरला दोन्हींच्या तारा जोडाव्या लागतात. शिवाय कित्येक मोटरी गिअरमध्ये असतानाही सुरू होतात. उभे राहून दोरी ओढणाऱ्याच्या पायाखालून होडी निघून जाते. सरोवरांच्या राज्यांत मे महिन्यातले पाणीही अतिशय थंड असते, हे लक्षात घेतले, म्हणजे या बाबी किरकोळ वाटत नाहीत.

मोटरच्या पायाची लांबीही घेण्यापूर्वीच मोजावी. छोट्या मोटरींत १५ इंच आणि २० इंच ही दोन मापे प्रचलित आहेत. होडीच्या मागच्या फळीची उंची त्याच्याशी जुळली पाहिजे. पाय आखूड पडला, तर पंखा हवा ओढतो. लांब झाला, तर पाण्याचा अडथळा वाढतो. अश्वशक्तीबाबत मात्र उदार असावे. १९८० च्या दशकापर्यंत ती इंजिनावर मोजली जाई, नंतर पंख्याच्या दांड्यावर. त्यामुळे जुनी दहा अश्वशक्ती आजच्या दहापेक्षा थोडी कमीच भरते.

या साऱ्या अमेरिकन घराण्याहून निराळी अशी एक मोटर ब्रिटिश किनाऱ्यावर भेटते, ती ‘ब्रिटिश सीगल’. १९३१ पासून १९९६ पर्यंत ती बनत राहिली. झाकण नाही, दोरी प्रत्येक वेळी चाकाला गुंडाळायची, आणि जुन्या मॉडेलमध्ये पेट्रोलशी तेलाचे प्रमाण १० ला १. तिच्या गिअरपेटीत थोडे पाणी शिरणारच, हे गृहीत धरून जाड तेल भरले जाते. म्हणून वर सांगितलेली दुधाळ तेलाची परीक्षा तिला लावू नये. धूर आणि आवाज यांमुळे तिचा तिटकारा करणारे जितके, तितकेच तिच्यावर जीव टाकणारेही आहेत.

धुराचा प्रश्न अर्थात सर्वच टू-स्ट्रोक मोटरींचा आहे. कार्ब्युरेटरच्या जुन्या मोटरींतून एकूण इंधनाचा पाव हिस्सा, कधी त्याहूनही अधिक, न जळताच पाण्यात जातो. अमेरिकी सरकारने १९९६ मध्ये नव्या आउटबोर्डसाठी उत्सर्जनाचे नियम केले. कॅलिफोर्निया-नेवाडाच्या सीमेवरील ताहो सरोवरात १९९९ पासून अशा मोटरींना बंदी आहे. पिण्याच्या पाण्याच्या काही जलाशयांवर तर कोणतेही पेट्रोल इंजिन चालत नाही. जेथे मोटर वापरायची, तेथील नियम आधी विचारून घ्यावा. नंतर विचारला, तर हाती शोभेची वस्तू उरते.

पिंपातील दहा मिनिटे

विक्रेता मोटर ‘चालवून दाखवतो’ म्हणाला आणि तिला कोरडीच सुरू करू लागला, तर त्याला थांबवावे. पाण्याच्या पंपातील रबरी पंखा पाण्याविना मिनिटभरही टिकत नाही. मोटर पाण्याने भरलेल्या पिंपात उभी करून, गिअरपेटीच्या बरेच वरपर्यंत पाणी येईल असे पाहून मगच सुरू करावी. नव्या मोटरींतून पाण्याची एक बारीक धार बाहेर पडताना दिसते, तशी धार १९५० च्या दशकातील अनेक मोटरींना नाही. त्यांत पायाच्या मागील छिद्रांतून धुराबरोबर पाण्याचे तुषार येतात. ते येत असतील आणि दहा मिनिटांनंतर सिलिंडरच्या माथ्याला हात क्षणभर तरी टेकवता येत असेल, तर पंप काम करतो आहे. तुषार नसतील, तर दर वेळी पंपच दोषी असतो असे नाही. गोदामात पडून राहिलेल्या मोटरच्या वाटांत कुंभारीण माशीने मातीचे घर बांधलेले असते. तारेने ते काढले, की पाणी येऊ लागते. तरीही नव्याने घेतलेल्या मोटरचा रबरी पंखा न पाहता बदलावाच. तो स्वस्त असतो आणि त्याच्या अभावी इंजिन काही मिनिटांत जळते.

पहिली फेरी काठाजवळच, वारा काठाच्या दिशेने असताना करावी. होडीत वल्ही, जीवरक्षक जाकिटे, जादा पिना, प्लग आणि एक पक्कड असावी. मोटर साखळीने होडीला बांधलेली असावी, कारण पकडी थरथरीने सैल होतात. परतल्यावर पेट्रोलची नळी काढून इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालू ठेवावे, म्हणजे कार्ब्युरेटरमध्ये पेट्रोल साचून त्याचा चिकट थर होत नाही. त्यानंतर मोटर काही वेळ उभीच ठेवावी, पायातील सारे पाणी निथळू द्यावे आणि मगच ती आडवी करून गाडीत घालावी.